स्टेशन वॅगनची छतकपात

स्टेशन वॅगनची छतकपात म्हणजे जुन्या स्टेशन वॅगन प्रकारच्या मोटारगाडीच्या छताचे खांब मधून कापून, त्यांतील ठरावीक उंचीचा तुकडा काढून टाकून छत कायमचे खाली आणण्याचे काम होय. इंग्रजीत या कामाला ‘चॉप टॉप’ किंवा नुसते ‘चॉपिंग’ असे म्हणतात. गाडीच्या छताला मराठी बोलीत ‘टप’ हा शब्द रूढ असल्याने यास ‘टप उतरवणे’ असेही म्हणता येईल. या कामाची परंपरा अमेरिकेतील, विशेषतः दक्षिण कॅलिफोर्नियातील हॉट रॉड आणि कस्टम कार यांच्या हौशी संस्कृतीत रुजली. छत खाली आल्याने खिडक्यांची पट्टी अरुंद होते आणि गाडी मूळ आकारापेक्षा लांब, बुटकी व जमिनीलगत दिसते.

दोन दारांच्या कूपे गाडीच्या तुलनेत स्टेशन वॅगनची छतकपात अधिक कठीण मानली जाते. वॅगनचे छत गाडीच्या मागील टोकापर्यंत जाते, त्याला अधिक खांब असतात, बाजूच्या काचा अधिक असतात आणि मागे उघडणारा दरवाजाही असतो. शिवाय वॅगनची निर्मितीच अधिक जागा मिळावी म्हणून झालेली असल्याने छत उतरवताना तिचे मूळ प्रयोजन काही अंशी बाजूला ठेवावे लागते. एकदा कापलेले छत पूर्ववत करणे व्यवहारात जवळजवळ अशक्य असते. म्हणून जुन्या गाड्यांच्या जतनाच्या दृष्टीने हा विषय वादाचा ठरला आहे.

संज्ञा व तत्सम प्रकार

गाडी बुटकी दिसावी यासाठी केल्या जाणाऱ्या कामांचे अनेक प्रकार असून त्यांची नावे पुष्कळदा एकमेकांत मिसळली जातात.

• छतकपात (चॉपिंग) : केवळ खिडक्यांच्या पट्टीची उंची कमी केली जाते. खिडक्यांच्या खालच्या कडेची रेषा, म्हणजेच गाडीची कंबररेषा, आणि तिच्याखालील शरीर मूळ अवस्थेत राहते.
• सेक्शनिंग : कंबररेषेच्या खाली, गाडीच्या शरीराच्या मध्यातून आडवी पट्टी कापून काढली जाते. यात दारे, पुढील व मागील मडगार्डे असे सर्वच भाग कापावे लागतात.
• चॅनेलिंग : शरीराचा तळ कापून संपूर्ण शरीर चॅसिसच्या दांड्यांवर अधिक खाली बसवले जाते. ज्या गाड्यांचे शरीर व चॅसिस वेगळे असतात, त्यांनाच हे लागू पडते.
• गाडी खाली बसवणे : स्प्रिंग लहान करून किंवा हवेच्या फुग्यांचे सस्पेन्शन बसवून गाडी जमिनीच्या जवळ आणली जाते. यात शरीराला धक्का लागत नाही व काम पूर्ववत करता येते.

खांबांना पुढून मागे अनुक्रमे ए, बी, सी व डी पिलर अशी नावे आहेत. सेडान गाडीत बहुधा सी-पिलरवर छत संपते; वॅगनमध्ये ते डी-पिलरपर्यंत जाते. या लांब छतामुळेच अमेरिकी हौशी वर्तुळात वॅगनला ‘लाँगरूफ’ हे टोपणनाव पडले आहे.

पार्श्वभूमी

‘स्टेशन वॅगन’ हे नाव रेल्वे स्थानकावरून आले. स्थानकावर उतरलेले प्रवासी व त्यांचे सामान हॉटेलात किंवा घरी पोहोचवणाऱ्या गाड्यांना अमेरिकेत ‘डेपो हॅक’ म्हणत. आरंभी अशा गाड्यांचा मागील भाग लाकडाचा असे व तो बहुधा स्वतंत्र सुतारकाम करणाऱ्या कंपन्यांकडून बनवून घेतला जाई. फोर्ड कंपनीने १९२९ मध्ये ‘मॉडेल ए’ची स्टेशन वॅगन स्वतःच्या उत्पादनात समाविष्ट केली. लाकडी शरीराच्या या वॅगन पुढे ‘वूडी’ या नावाने ओळखल्या गेल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडाची जागा पोलादी पत्र्याने घेतली. प्लायमाउथ कंपनीची १९४९ ची ‘सबर्बन’ ही पूर्णतः पोलादी शरीराची, तुलनेने स्वस्त वॅगन होती. फोर्डची दोन दारांची ‘रँच वॅगन’ १९५२ मध्ये आली. शेव्हरोले कंपनीची ‘नोमॅड’ १९५५ ते १९५७ या काळात दोन दारांच्या रूपात बनली; तिची कल्पना जनरल मोटर्सच्या १९५४ च्या ‘मोटोरामा’ प्रदर्शनातील कॉर्व्हेटवर आधारित नमुना-गाडीवरून घेतलेली होती. तिरके दारखांब, पुढे कललेला मागील दरवाजा आणि छतावरील आडव्या खोबणी ही नोमॅडची ओळख ठरली. याच शरीरावर पाँटिअ‍ॅकची ‘सफारी’ ही गाडीही बनली.

वॅगनच्या छताशी उत्पादकांनीही प्रयोग केले; मात्र त्यांची दिशा छतकपातीच्या उलट होती. ओल्ड्समोबिलच्या १९६४ च्या ‘व्हिस्टा क्रूझर’मध्ये छताचा मागील भाग उंच करून त्यात काच बसवण्यात आली. स्टुडबेकरच्या १९६३ च्या ‘वॅगनेअर’मध्ये मागील छत पुढे सरकवून उघडता येत असे, त्यामुळे उंच सामान उभे ठेवता येई. कारखान्याने अधिकाधिक जागा देऊ केली आणि हौशी कारागिरांनी तीच जागा रेषेसाठी कापली, असा हा विरोध आहे.

१९८३ च्या अखेरीस क्रायस्लरने आणलेल्या मिनीव्हॅनने अमेरिकी कुटुंबांची वॅगनविषयीची पसंती झपाट्याने घटवली. शेव्हरोले कॅप्रिस आणि ब्यूक रोडमास्टर या मोठ्या अमेरिकी वॅगनचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. त्यानंतर जुन्या वॅगनकडे संग्राहक व कस्टम कारागीर या दोघांचेही लक्ष गेले.

इतिहास

छतकपातीचा उगम शर्यतीत आहे. १९३० च्या दशकात लॉस एंजेलिसजवळच्या म्युरॉक, एल मिराज इत्यादी कोरड्या तलावांच्या सपाट पात्रांत तरुण हौशी चालक जुन्या फोर्ड गाड्या वेगाने पळवीत. या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९३७ मध्ये ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संघटना स्थापन झाली. गाडीची उंची कमी केली की समोरून हवेला भिडणारे क्षेत्रफळ घटते व त्याच इंजिनावर अधिक वेग मिळतो, हा अनुभव आल्याने छत कापण्याची प्रथा पडली. त्या काळातील फोर्ड कूपेचे खांब बरेचसे उभे व पुढील काच सपाट असल्याने हे काम तुलनेने सोपे होते.

युद्धोत्तर काळात वेगापेक्षा दिसण्याला महत्त्व देणारी स्वतंत्र ‘कस्टम’ शैली उदयास आली. सॅम बॅरिस व जॉर्ज बॅरिस या बंधूंची लॉस एंजेलिस परिसरातील कार्यशाळा या शैलीचे एक प्रमुख केंद्र होती. जॉर्ज बॅरिस यांचे नाव पुढे १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेतील ‘बॅटमोबिल’मुळे जगभर पोहोचले. बॅरिस कार्यशाळेने १९५२ मध्ये तयार केलेली ‘हिरोहाता मर्क्युरी’ ही १९५१ च्या मर्क्युरी कूपेवर आधारित गाडी छतकपातीचे सर्वाधिक प्रसिद्ध उदाहरण मानली जाते. तिचे छत पुढे ४ इंच आणि मागे ७ इंच उतरवलेले असून बी-पिलर काढून टाकलेले आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत तिचा २०१७ मध्ये समावेश झाला. जानेवारी २०२२ मध्ये झालेल्या लिलावात तिच्यावर १९.५ लाख डॉलरांची बोली लागली.

१९४८ च्या जानेवारीत सुरू झालेल्या ‘हॉट रॉड’ मासिकाने व त्यानंतरच्या अन्य नियतकालिकांनी ही तंत्रे कॅलिफोर्नियाबाहेर पोहोचवली. वॅगनला मात्र या शैलीत उशिरा स्थान मिळाले. ती घरगुती, कामाची गाडी समजली जाई. किनाऱ्यावरील सर्फिंग करणाऱ्या तरुणांनी जुन्या वूडी स्वस्तात घेतल्या, पण त्या मुख्यतः फळ्या व सामान वाहण्यासाठी वापरल्या. कूपे व हार्डटॉप गाड्या दुर्मीळ आणि महाग होत गेल्यावर कारागीर वॅगनकडे वळू लागले.

वॅगनमधील भूमितीचा प्रश्न

छतकपातीची मूळ अडचण भूमितीची आहे. सर्व खांब पूर्णतः उभे असते, तर प्रत्येकातून समान तुकडा काढून छत सरळ खाली बसवता आले असते. प्रत्यक्षात ए-पिलर मागे कललेला असतो आणि पुष्कळ वॅगनमध्ये डी-पिलर पुढे कललेला असतो. म्हणजे खांबांची वरची टोके एकमेकांच्या जवळ व खालची टोके एकमेकांपासून दूर असतात. छत खाली आणले की ते अधिक रुंद अंतरावरच्या टोकांवर बसवावे लागते आणि लांबीला अपुरे पडते.

उदाहरणार्थ, ए-पिलर उभ्या रेषेपासून ३० अंश मागे आणि डी-पिलर २० अंश पुढे कललेला आहे असे मानू. छत १० सेंटिमीटर उतरवल्यास पुढील बाजूस सुमारे ५.८ सेंटिमीटर व मागील बाजूस सुमारे ३.६ सेंटिमीटर अंतर पडते. अर्थात छत एकूण सुमारे ९.४ सेंटिमीटरने कमी पडते. खांब जितका अधिक तिरका, तितके हे अंतर मोठे. मधल्या बी व सी पिलरचा कल वेगळा असल्यास त्यांचे अंतरही वेगळे येते. त्यामुळे एका खांबाचे माप दुसऱ्याला लावता येत नाही.

ही तूट भरून काढण्याचे चार मार्ग रूढ आहेत.

• छत आडवे कापून त्याचे पुढील व मागील भाग एकमेकांपासून दूर सरकवणे आणि मधल्या फटीत त्याच वक्रतेचा पत्रा बसवणे.
• खांबांच्या मुळाशी छेद देऊन त्यांना छताच्या दिशेने अधिक कलवणे.
• त्याच प्रकारच्या दुसऱ्या निकामी गाडीचे छत आणून दोन्ही छतांचे सोयीचे भाग जोडणे व लांबी वाढवणे.
• पुढे व मागे वेगवेगळ्या उंचीचे तुकडे काढून छताला किंचित उतार देणे.

चौथ्या मार्गात वॅगनसंबंधी एक विशेष सावधगिरी लागते. कूपेच्या मागे उतरणाऱ्या छताला जास्तीचा उतार शोभतो. वॅगनचे छत मात्र लांब व जवळजवळ सपाट असते. पुढे व मागे असलेल्या कपातीतील थोडासा फरकही मागील टोकाशी ठळक दिसतो आणि गाडी मागे वाकल्यासारखी भासते. लांब छतावर लहान चूक मोठी होते, हे या कामातील सर्वांत महत्त्वाचे तत्त्व आहे. म्हणून अनेक कारागीर कापण्यापूर्वी गाडीचे बाजूने छायाचित्र काढून, छायाचित्रातील छत कापून वेगवेगळ्या उंचीवर ठेवून पाहतात. किती इंच कापावे यापेक्षा कापल्यावर काच, दार व मागील टोक यांचे परस्पर प्रमाण कसे राहील, हा प्रश्न प्रथम सोडवला जातो.

कार्यपद्धती

पूर्वतयारी

प्रथम सर्व काचा, रबर पट्ट्या, छताचे अस्तर, आसने व धातूच्या सजावटीच्या पट्ट्या काढल्या जातात. खांबांची मुळे, छताच्या कडेची पन्हळ आणि तळाचा पत्रा गंजलेला आहे का हे तपासले जाते. गंजलेल्या खांबावर केलेला जोड टिकत नाही. त्यानंतर दारे बंद ठेवून गाडीच्या आत चौकोनी पोलादी नळ्यांचा तात्पुरता सांगाडा जोडला जातो. छत हा शरीराला ताठ ठेवणारा भाग आहे. तो सुटताच लांब वॅगनचे शरीर मध्यभागी खचू शकते किंवा बाजू बाहेर फाकू शकतात. तसे झाल्यास दारांच्या फटी पुन्हा जुळत नाहीत. गाडी समपातळीवर भक्कम आधारांवर ठेवून मोजमापांची नोंद केली जाते. कर्णरेषांची मापे दोन्ही बाजूंनी घेतली जातात.

कापणे

खांब जिथे सर्वांत सरळ आणि समान जाडीचा असेल, तिथे कापण्याची रेषा आखली जाते. दोन रेषांमधला तुकडा काढल्यावर वरच्या व खालच्या टोकांची रुंदी शक्य तितकी जुळावी, हा त्यामागचा हेतू असतो. कित्येक खांबांत आतला व बाहेरचा असे दोन पत्रे असतात. त्यांचे छेद एकाच पातळीवर न घेता वरखाली घेतल्यास जोड अधिक मजबूत होतो. अनेकदा कारागीर ठरलेल्या मापापेक्षा थोडे कमी कापतात, कारण उरलेला पत्रा नंतर काढता येतो पण गेलेला परत येत नाही. कापलेले छत लांब व लवचिक असल्याने ते अनेकांनी मिळून, मध्ये आधार देऊन उचलावे लागते.

जोडणे

छत योग्य स्थानी बसल्यावर प्रथम फक्त टाके मारून ते स्थिर केले जाते. दारे उघडून-मिटून, दूरवरून सर्व बाजूंनी पाहून, मापे पुन्हा तपासून मगच पूर्ण वेल्डिंग केले जाते. शरीराचा पत्रा सुमारे १ मिलिमीटर जाडीचा असतो. सलग वेल्डिंग केल्यास उष्णतेने तो आक्रसतो व छतावर लाटा उठतात. वॅगनचे छत मोठे आणि जवळजवळ सपाट असल्याने ही विकृती तिथे सर्वांत लवकर दिसते. त्यामुळे एका जागी थोडे वेल्डिंग करून दूरच्या जागी जायचे, पहिला भाग थंड होऊ द्यायचा व जोड हातोडी आणि डॉली यांच्या साहाय्याने ठोकून सैल करायचा, अशी पद्धत पाळली जाते. नोमॅडसारख्या गाडीत छतावरच्या आडव्या खोबणींमुळे लांबी वाढवण्याचा छेद कुठेही देता येत नाही. खोबणींची समान अंतरे मोडू नयेत अशी जागा शोधावी लागते.

दारे आणि मागील दरवाजा

ज्या दारांना खिडकीची चौकट असते, त्यांच्या चौकटीही तितक्याच कापाव्या लागतात व नव्या छताच्या वळणाप्रमाणे पुन्हा वळवाव्या लागतात. १९५० च्या दशकातील बहुसंख्य वॅगनला मागे दोन भाग असत : वर उचलायची काचेची चौकट आणि खाली पडणारा फाळका. त्यांतील वरची चौकटच कमी करावी लागते. तिचे बिजागर छताच्या मागील कडेला असल्याने छताच्या टोकाची वक्रता किंचितही बदलली तर चौकट मिटत नाही किंवा पाणी आत शिरते. जनरल मोटर्सच्या १९७१ ते १९७६ च्या मोठ्या वॅगनमध्ये मागील काच छताच्या आत सरकत असे व फाळका तळाखाली जाई. अशा गाडीचे छत उतरवायचे तर ही संपूर्ण यंत्रणा सोडून द्यावी लागते किंवा नव्याने रचावी लागते.

काचकाम

पत्र्याचे काम पूर्ण झाल्यावरही गाडी काचेमुळे अडून राहू शकते. काचेचे दोन प्रकार येथे महत्त्वाचे आहेत. दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असलेली लॅमिनेटेड काच कापता येते. ती सपाट असल्यास काम सोपे असते. वक्र असल्यास ती कापताना तडकण्याचा धोका मोठा असतो. उष्णता देऊन कडक केलेली टेम्पर्ड काच मात्र कापता येतच नाही. तिच्यावर छेद देताच तिचे लहान लहान तुकडे होतात. त्यामुळे बाजूची काच सपाट असेल तर नव्या मापाची सपाट सुरक्षाकाच करून घेतली जाते. मागील वक्र टेम्पर्ड काचेला असा सोपा पर्याय नसतो.

१९५० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकी गाड्यांत कडेला वळलेली पुढील काच रूढ झाली. अशा गाडीत काच कापण्याऐवजी ती पूर्ण उंचीची ठेवून खालच्या बाजूने अधिक खोल बसवणे किंवा वरच्या बाजूने छताच्या पत्र्यात सामावून घेणे, असे उपाय केले जातात. ज्या गाडीची पुढील काच बदलणे शक्य नाही, तिचे छत किती उतरेल हे अंतिमतः काचच ठरवते. म्हणून अनुभवी कारागीर कापण्यापूर्वी काचेची सोय करून ठेवतात.

अखेरचे संस्करण

पूर्वी जोडांवरील खळगे कथील व शिसे यांच्या मिश्रणाने, म्हणजे डाख देऊन भरले जात व कानशीने घासून सपाट केले जात. या शिशामुळेच जड, बुटक्या कस्टम गाड्यांना ‘लेड स्लेड’ हे नाव पडले. शिशाची धूळ व वाफ विषारी असल्याने असे काम करताना तोंडावर योग्य मुखवटा आणि खेळती हवा आवश्यक असते. जुन्या कस्टम गाडीचे जोड पुन्हा घासतानाही हीच काळजी घ्यावी लागते. पुढे प्लॅस्टिक पुटीचा वापर वाढला. पत्रा नीट न ठोकता पुटीचा जाड थर दिल्यास काही काळाने तो तडकतो.

लाकडी वॅगन

वूडीच्या छतकपातीत वेल्डिंगऐवजी सुतारकाम प्रधान असते. या गाड्यांचे खांब मेपल किंवा बर्च यांसारख्या कठीण लाकडाचे व मधल्या फळ्या बहुधा महोगनीच्या असत. छत लाकडी पट्ट्यांवर ताणून बसवलेल्या जलरोधक कापडाचे असे. फोर्डच्या लाकडी शरीराचे भाग मिशिगन राज्यातील आयर्न माउंटन येथील कारखान्यात तयार होत. खांब मधून कापून पुन्हा जोडल्यास लाकडाचा सलग तंतू तुटतो व जोड दुबळा होतो. म्हणून संपूर्ण खांब नव्या मापाने पुन्हा घडवणे हा अधिक योग्य मार्ग समजला जातो. गंजाऐवजी येथे कुजलेले लाकूड व सुटलेले सांधे तपासावे लागतात. मूळ वूडी दुर्मीळ झाल्यामुळे त्या कापण्याविरुद्ध संग्राहकांचा आक्षेप अधिक तीव्र असतो.

परिणाम

जागा : सामानाचा भाग २ मीटर लांब व १.४ मीटर रुंद असेल, तर छत १० सेंटिमीटर उतरवल्यावर सुमारे २८० लिटर जागा कमी होते. डोक्यावरची उंची घटल्याने आसने खाली बसवावी लागतात व त्यासाठी काही वेळा तळाच्या पत्र्यातही बदल करावा लागतो.

दृश्यता : पुढील काच अरुंद झाल्याने वर टांगलेले वाहतूक दिवे जवळून दिसेनासे होतात. मागील काच व आतला आरसा यांतून दिसणारा भागही कमी होतो. लांब वॅगन मागे घेताना याचा परिणाम जाणवतो.

वायुरोध : छताची रुंदी १.३ मीटर धरल्यास १० सेंटिमीटर कपातीने समोरील क्षेत्रफळ ०.१३ चौरस मीटरने घटते. गाडीचे एकूण समोरील क्षेत्रफळ २.४ चौरस मीटर असेल तर ही घट सुमारे ५ टक्के होते. कोरड्या तलावावरील शर्यतीत एवढ्या फरकालाही किंमत होती; नेहमीच्या रस्त्यावरील वेगात तो फारसा जाणवत नाही. आज रस्त्यावरच्या गाड्यांची छतकपात मुख्यतः सौंदर्यदृष्टीने केली जाते.

सुरक्षितता : गाडी उलटल्यास प्रवाशांचा बचाव छताच्या खांबांवर अवलंबून असतो. अमेरिकेत प्रवासी गाड्यांच्या छताच्या मजबुतीचे संघराज्यीय मानक १९७३ मध्ये लागू झाले. त्यापूर्वीच्या वॅगन अशा कसोटीविनाच बनल्या होत्या. अशा गाडीचे सर्व खांब कापून पुन्हा जोडले जातात, तेव्हा प्रत्येक जोड प्रवाशांच्या डोक्याभोवती असतो. आतून पोलादी पट्टी बसवून जोड बळकट करणे, वेल्ड पूर्ण खोलीपर्यंत नेणे आणि केवळ दिसण्यासाठी बी-पिलर काढून टाकल्यास छताच्या कडांना जादा आधार देणे आवश्यक ठरते. रंगाखाली झाकलेला कच्चा जोड बाहेरून ओळखता येत नाही. त्यामुळे तयार कस्टम गाडी विकत घेताना कामाच्या टप्प्यांची छायाचित्रे पाहण्याचा प्रघात आहे.

जतन व बदल यांविषयीचे मतभेद

ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येनुसार ऐतिहासिक वाहन किमान ३० वर्षे जुने असावे आणि ते इतिहासाशी सुसंगत अवस्थेत जतन केलेले असावे. या दृष्टीने अलीकडे छत उतरवलेली जुनी वॅगन मूळ वस्तूचा पुरावा गमावून बसते. पहिल्या तीन वर्षांच्या नोमॅड सर्व मिळून सुमारे २२ हजारच बनल्या होत्या. त्यांतील सुस्थितीतील एखादी गाडी कापणे म्हणजे मर्यादित साठ्यातून एक नमुना कायमचा कमी करणे होय, असे जतनवादी मानतात.

कस्टम परंपरेचे समर्थक यास दोन उत्तरे देतात. छतकपात हीच आता पाऊणशे वर्षांहून जुनी लोककला असून हिरोहाता मर्क्युरीला मिळालेल्या राष्ट्रीय मान्यतेने तिचे ऐतिहासिक मूल्य सिद्ध झाले आहे, हे पहिले. दुसरे असे की, पुष्कळ गाड्या भंगारात जाण्याच्या अवस्थेत असताना कारागिरांच्या हाती आल्या. दोन्ही पक्षांना मान्य असलेला व्यवहारी संकेत असा : पूर्ण व मूळ अवस्थेतील दुर्मीळ वॅगन कापू नये, अपूर्ण, अपघातग्रस्त किंवा विपुल प्रमाणात बनलेल्या चार दारांच्या वॅगनची निवड करावी.

भारतातील स्थिती

भारतात स्टेशन वॅगन हा प्रकार ‘इस्टेट’ या ब्रिटिश नावाने अधिक ओळखला गेला. पुण्यात तयार होणारी १९९२ ची ‘टाटा इस्टेट’ आणि २००४ ची ‘इंडिगो मरिना’ ही त्याची परिचित उदाहरणे होत. या प्रकाराला भारतीय बाजारपेठेत मोठे स्थान मिळाले नाही आणि छतकपातीची अमेरिकेसारखी परंपराही येथे निर्माण झाली नाही.

कायद्याच्या दृष्टीने भारतात रस्त्यावर चालवायच्या गाडीचे छत कापणे अनुज्ञेय नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळात दिलेल्या तपशिलांपेक्षा भिन्न होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा हाच अर्थ कायम केला. २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळू शकते व त्यांच्या क्रमांकात राज्याच्या संकेताक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. चॅसिस, शरीराचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, ही त्यासाठीची अट आहे. परिणामी छत उतरवलेल्या गाडीला या नोंदणीचा लाभ मिळत नाही. महाराष्ट्रातील एखाद्या मालकाकडे जुनी इस्टेट गाडी असल्यास तिचे मूळ छत शाबूत ठेवणे हे जतनाच्या व कायद्याच्या, अशा दोन्ही दृष्टींनी हिताचे ठरते.

हे सुद्धा पहा

• स्टेशन वॅगन
• हॉट रॉड
• शेव्हरोले नोमॅड
• जॉर्ज बॅरिस
• मोटार वाहन अधिनियम, १९८८